पिशवीत मावेल एवढा नाताळ

बोलतेय ती मी, एक कापडी पिशवी. इकडेतिकडे बघू नका, दारामागे लटकतेय ती मीच. माझा रंग कोणता ते विचारू नका, कारण माझ्या एका अंगाला मरून पट्टे आहेत, दुसऱ्या अंगाला निळी पानं आणि बुडाला साधं राखाडी कापड. मला पाहून लोक हसतात. हसू देत. या घरातला अख्खा नाताळ तीन वर्षं मी एकटीनं पेललाय.

माझा जन्म सोफ्याच्या कापडांच्या नमुन्यांतून झाला. घरधनी सोफे आणि गाद्या शिवणारा कारागीर. हात असा की त्यानं घातलेला टाका शोधायला चष्मा लावावा लागतो. जीव मात्र भलताच दिलदार. एका हॉटेलाचं मोठं काम मिळालं म्हणून त्यानं शिलाईचं मशीन कागदोपत्री तारण ठेवून बँकेतून कर्ज काढलं आणि मोठा गाळा भाड्यानं घेतला. चाळीस सोफे शिवून झाले आणि हॉटेलच बंद पडलं. सोफे तिकडे अडकले, गाळा सुटला, कर्ज तेवढं इमानदारीनं घरी राहिलं.

त्यात त्याची एक खोड. डिसेंबर लागला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. बायकोला कोट, मुलीला सायकल, शेजारच्या चार घरांना केक, आणि सगळं उधारीवर. नाताळ एका दिवसाचा, फेड पुढच्या नाताळापर्यंत.

बायको इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला. दिवसभर चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हे. एका रविवारी तिनं टेबलावर मांडामांड केली. मैद्याचा पुडा, साखरेचा पुडा, सुक्या मेव्याचं पाकीट, अर्धा डझन अंड्यांचा खोका, मुलीच्या बुटांचं रिकामं खोकं. जे घरात नव्हतं त्याच्या जागी तेवढ्याच आकाराचं काहीतरी ठेवलं. कोंबडीच्या जागी तर चक्क गुंडाळलेला टॉवेल होता. मग शिंपी गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती फिरवतो तशी त्या ढिगाभोवती टेप फिरवली, आणि नवऱ्याच्या नमुन्यांच्या वहीतली कापडं जोडून मला शिवलं. दीड वीत रुंद, दोन विती उंच. धरायला सोफ्याखाली ताणतात तो जाड पट्टा.

"आपला नाताळ यात मावेल तेवढाच," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि पैसे रोख. कर्ज फिटेपर्यंत दुकानदाराच्या वहीत आपलं नाव नको."

"आणि समजा, थोडं वर आलं तर?"

"मग ते आपलं नाही."

त्यानं कानाला खडा लावला. तिनं तो लावलेला नीट पाहिला आणि मगच माझ्यात यादी टाकली.

पहिल्या वर्षी पहिला प्रश्न काढला मुलीनं. तिचे पुढचे दोन दात जरा मोठे, म्हणून घरात तिला खारू म्हणतात.

"आई, मग झाड कसं मावणार?"

बागेच्या माळ्याकडून छाटलेली एक फांदी फुकट मिळाली होती. ती माझ्यातून हातभर वर आली होती. आईनं क्षणभर विचार केला. "देठ आत आहे ना? मग चालेल."

"मग जिराफही चालेल. पाय आत ठेवले की झालं!"

त्या दिवशी या घरात कितीतरी महिन्यांनी तिघंही एकदम हसली. मला वाटलं, आपला जन्म काही वाया नाही जायचा.

दुसऱ्या वर्षी घरधन्यानं मला असं भरलं की काय सांगू. गादीत कापूस भरायची सवय त्याला. कोपरे आधी, मग मध्य, मग मुठीनं दाबायचं. दुकानातून निघाले तेव्हा मी टम्म फुगले होते, पण काठाच्या वर काही नव्हतं. दोन अंडी फुटली. त्यांचं दुःख कुणी केलं नाही, केक तर त्यांचाच होणार होता. माणसांचं मला हे फार आवडतं, नियम घातला की कुरकुरतात आणि मग त्याच्याशीच खेळायला लागतात.

असं करत तिसरा डिसेंबर आला. कर्जाचा एकच हप्ता उरला होता, पाच जानेवारीचा. त्याचे पैसे बायकोनं बाजूला काढून ठेवले होते. तो भरला की मशीन पुन्हा आपलं होणार होतं.

आणि तेवढ्यात ताईंचा फोन आला.

ताई म्हणजे घरधन्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा यांनीच त्याला वाढवलं, सुईत दोरा ओवायलाही त्यांनीच शिकवलं. यंदाचा नाताळ तुझ्याकडे, म्हणाल्या, मी येतेय, मेहुणेही येताहेत, दोन्ही मुलं येताहेत. हा "ये ना, राणीसाहेब, ये!" म्हणाला आणि फोन ठेवून मटकन खाली बसला. ताईंना कर्जाचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"मी सांगते त्यांना," बायको म्हणाली. "चार घास आहेत त्यात सगळे खाऊ."

"नाही, अगं. तिनं मला आपल्यातली भाकरी मोडून वाढवलं. तिला मी टॉवेलाएवढी कोंबडी वाढू? सात माणसांत?"

"टॉवेल मोठा होता."

"गंमत नको. तिला काही कळता कामा नये."

बायको उठून स्वयंपाकाला लागली. आता इथे मला जे सांगायचंय ते सांगताना अजून माझी शिवण आवळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावर आणि खारू शाळेत असताना यानं मला मशीनवर घेतलं. त्याच नमुन्यांच्या वहीतून जुळतं कापड काढलं. दोन्ही बाजू उसवल्या, चार-चार बोटांच्या पट्ट्या जोडल्या, बुडाला एक चौकोन घातला. पट्ट्याला पट्टा, पानाला पान. असं काम मी बापजन्मात पाहिलं नव्हतं! अर्ध्या तासात मी जवळजवळ दुप्पट झाले. खरं सांगते, मला ते आवडलं. कुणाला मोठं व्हायला आवडत नाही? पण त्यात एक खोट होती. शब्द मोडायचा नाही म्हणून या माणसानं शब्दाचं मापच वाढवलं होतं. पिशवीत मावेल तेवढंच आणायचं ठरलं होतं ना? मग आता मावणार होतं.

रोख पैसे अर्थातच वाढले नव्हते.

दुकानात त्यानं मोठी कोंबडी घेतली. दोन किलो मैदा, खारूचे बूट, बदाम, चॉकलेटचे तीन डबे, मेहुण्यांना मफलर, भाच्यांना रंगपेट्या. जेवढे होते तेवढे पैसे दिले आणि उरलेल्यासाठी आवाज खाली आणून म्हणाला, "बाकीचं लिहून ठेवा."

"कधीपर्यंत?"

"दोन जानेवारी."

म्हणजे तो हप्त्याच्याच पैशाला हात घालणार होता. दुकानदारानं वही उघडली. तीन वर्षांनी त्याचं नाव पुन्हा त्या वहीत चढलं.

निघालो. मी इतकी जड झाले होते की त्यानं मला दोन हातांनी धरलं. घरचा जवळचा रस्ता इस्पितळाच्या मागच्या भिंतीजवळून जातो. भिंतीपलीकडे लाँड्रीच्या बायका दोऱ्यांवर चादरी घालत होत्या आणि तोंडं अखंड चालू होती. त्यात एक आवाज ओळखीचा.

"एवढीशी!" बायको कुणाला तरी सांगत होती. "एवढीशी पिशवी गं, आणि अख्खा नाताळ त्यात. सुरुवातीला मला वाटलं, चार दिवस टिकेल. पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. तीन वर्षांत एक पैसा उधार नाही. मला तर कधी कधी त्याचा अभिमान वाटतो, पण तोंडावर कशाला सांगा? शेफारेल."

बायका हसल्या. हा भिंतीला टेकून उभा राहिला. माझा पट्टा त्याच्या मुठीत ओला झाला होता. इतक्या थंडीत त्याला घाम फुटला होता. मग तो वळला आणि आल्या वाटेनं चालू लागला.

"काय झालं? माल खराब आहे?" दुकानदारानं विचारलं.

"माल चांगला आहे. गिऱ्हाईक खराब आहे." त्यानं एकेक वस्तू टेबलावर ठेवली. "मी दिले तेवढ्यात बसेल ते राहू दे. बाकी परत घ्या आणि नाव खोडा."

"अहो, लोक उधारी बुडवतात. उधारी परत आणून देणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय." दुकानदारानं कुरकुरत चॉकलेटचे डबे पुन्हा फळीवर मांडले, पण रेघ मारताना पट्टी लावून मारली. तेवढा मान त्यानं दिला.

घरी आलो तेव्हा मी अर्धी रिकामी, लोंबत होते. मला वाटलं, आता हा माझ्या पट्ट्या उसवणार. त्यानं कात्री हातात घेतलीही, आणि परत ठेवली. संध्याकाळी बायको आली. सामान काढलं, डब्यांत भरलं आणि रोजच्यासारखी माझी घडी घालायला घेतली. चादरींच्या घड्या घालून घालून तिच्या हातांना डोळे फुटलेत. एकदा दुमडली, दोनदा दुमडली आणि थांबली.

"ही घडीला का येत नाही?"

"मी वाढवली," तो म्हणाला. मग त्यानं दुकानापासून भिंतीपर्यंतचं सगळं सांगितलं, एकही टाका न लपवता.

ती बराच वेळ माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मी आज सगळ्यांसमोर तुमची फुशारकी मारली."

"ऐकली."

"मग नाव खोडलं?"

"पट्टी लावून."

"आता ताईंना काय सांगणार?"

त्यानं फोन उचलला. ताईंचा आवाज असा की फोन नुसता नावाला, घरातल्या सगळ्यांना ऐकू येतं. यानं हॉटेल सांगितलं, गाळा सांगितला, मशीन सांगितलं, अगदी मी सांगितली. 

"झालं बोलून?" ताई म्हणाल्या. "मला वाटलं, काही आजारबिजार सांगतोस की काय! अरे, तीन वर्षं फोनवर मला राणीसाहेब म्हणतोयस. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही आठवडाभर मी राणीसाहेबच होते."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर अजून गोड झाला असतास. आता ऐक. कोंबडी मी आणते, बटाटे मी आणते. तुम्ही केक करा. आणि मला बसायला मऊ लागतं, सांगून ठेवते. भाऊ सोफेवाला असून मी बाकड्यावर बसणार नाही."

फोन ठेवल्यावर तो लहान मुलासारखा रडला. खारूनं त्याला पाणी आणून दिलं. मग त्यानं कात्री बायकोपुढे धरली.

"हिला उसवू?"

तिनं मला उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. "नको. टाका सुरेख आलाय. पुढच्या वर्षी लागेल." आणि लगेच बोट वर केलं. "पण पुढच्या वर्षीही रोख."

नाताळाला सात माणसं जेवली. यानं फोमच्या कातरणांतून सात उशा शिवल्या होत्या. ताईंनी तीन घेतल्या, एक खाली, दोन पाठीला. खारूला बूट मिळाले, ते माझ्यातूनच आले होते. केक थोडा करपला, तर मेहुण्यांनी करपलेली कडच मागून खाल्ली. माणसं सुखात असली की करपलेलंही वाखाणतात. मी खुर्चीच्या पाठीवर लोंबत सगळं बघत होते, आणि मला कशाचीही कमी वाटली नाही.

काल पाच जानेवारी होती. घरधनी मला घेऊन बँकेत गेला. जाताना माझ्यात तो हप्ता होता, येताना फक्त एक कागद. खिशात सहज मावला असता, पण त्यानं तो माझ्यात ठेवला. आयुष्यात इतकं हलकं ओझं मी कधी वाहिलं नव्हतं.

घरी खारूनं माझ्यात डोकं घालून पाहिलं. "बाबा, रिकामीच आणलीत?"

"नीट बघ."

तिनं कागद काढून मोठ्यानं वाचला. बाकी रक्कम, शून्य. मग एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "शून्य आणायला एवढी मोठी पिशवी लागते?"

"लागते गं," आई म्हणाली, आणि मला पोटाशी धरून तिथेच खाली बसली. हसत होती की रडत होती, ते मला पोटाशी असूनही कळलं नाही. माझे मरून पट्टे, निळी पानं सगळी ओली झाली एवढं खरं.

तर वाचकहो, माझं सांगून झालं. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला जरा मायेनं वागवा, आणि अर्धी रिकामी घरी आली म्हणून लाजू नका. आता निघते. उद्याची यादी पडलीये माझ्यात: मीठ, साबण, पाव. पैसे रोख आहेत.