न तापणारी गाडी

बाबा गेल्यावर त्यांची चौसष्ट सालची निळी गाडी बालाघाटच्या आमच्या अंगणात सहा वर्षं नुसती उभी होती. २००३ मध्ये मीच हट्टाने ती भोजराज मिस्त्रीकडे नेली. मलाजखंडच्या खाणीत इंजिनीअर असल्याने मला अक्कल जरा जास्तच होती. त्यात एका परदेशी मासिकात प्रो-टूरिंग गाड्यांबद्दल वाचलेलं: रूप जुनंच, पण इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं आजचं.

"मंग चकाचक करून दारात उभी ठेवाची काय?" भोजराजने विचारलं.

"नाही. नुसती सजवलेली गाडी त्यात मोडत नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर दूरवर दामटता आली पाहिजे."

"मंग बैहरच्या घाटात पास झाली, तवाच खरी."

आठ महिने आम्ही दोघं राबलो. आईने एकदाही तिकडे फिरकून पाहिलं नाही. "त्यायचं काय उरलं तिच्यात?" एवढंच म्हणाली. ते मला फार लागलं. आईने पुन्हा त्या गाडीत बसावं, यासाठीच तर सारा खटाटोप होता.

शेवटी एका रविवारी आई यायला निघाली. खांद्याला पिशवी, एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात बाबा रेडिएटरसाठी ठेवायचे ती पाण्याची कॅन.

"आई, आता पाणी लागत नाही तिले."

"राहू दे," म्हणत तिने कॅन पायाशी ठेवली.

घाटात गाडीने कमाल केली. वळणावर डोलली नाही, चढावर दमली नाही. मी खुशीत एकेका भागाचे गुण गात होतो. माथा आला, तशी आई मान वळवून मागे पडलेल्या रस्त्याकडे बघू लागली.

"काहून, आवडली नाही?"

"चांगली आहे. पण अर्ध्या घाटात थांबली नाही." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुझ्या बाबाले हापिसातून कधी सवड नव्हती. त्या सरईच्या झाडाजवळ गाडी तापे. तू मांगं झोपला राहे. मंग आम्ही दोघं चहा घेत बसू. तेवढंच आमचं बोलणं होये."

मला रडूच आलं. आठ महिने खपून मी नेमकं तेच दुरुस्त केलं होतं.

गाडी वळवली. अर्धा घाट उतरून सरईखाली थांबवली आणि बोनेट उघडलं. इंजिन अगदी ठणठणीत होतं. आईने बोनेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून दोन कप काढले.

"किती वेळ लागन?"

"अर्धा तास तरी," मी म्हणालो. "लई तापली आहे."