टाकीच्या तळाशी

"रंगाचा डबाच उघडला नाही अजून, पंखा कशाला लावू? नुसतं बघून येतो," म्हणत रंगारी टाकीत उतरला. छातीला दोर, त्याचं टोक वर बायकोच्या हातात. लोखंडी टाकी पाण्याची, पण सहा महिने रिकामी, झाकण घट्ट लावून ठेवलेली.

वर तिचा भाऊ ब्रश निवडत बसला होता. "भावोजी, आत झोपू नका हं. तुमचं घोरणं गावभर घुमेल."

"घोरतं कोण, ते तुझ्या बहिणीला..." खालून आलेला आवाज मध्येच पातळ झाला. मग धप्प.

दोघं झाकणाशी धावले. रंगारी तळाशी कुशीवर पडला होता. खोकला नाही, धडपड नाही. बॅटरीच्या उजेडात छाती मात्र वरखाली होत होती. तिने दोर ओढला. तो शिडीच्या पायरीत अडकलेला.

भावाने एक पाय आत टाकला. "श्वास चाललाय, ताई. दोर सोडवून येतो."

तिने त्याची कॉलर धरली. "पाय बाहेर काढ."

"अगं, नवरा आहे तो तुझा."

"म्हणून तर. तूही पडलास तर दोघांना ओढायला मला चार हात नाहीत. पंखा लाव. पंख्याचा पाइप त्याच्या तोंडाशी सोड."

कामगारांच्या सुरक्षा-वर्गात ऐकलेलं सारं आता तिच्या डोळ्यांपुढे पडलं होतं. छातीखालचा पडदा खाली सरकतो, बरगड्या उचलल्या जातात, वारा नळीनळीतून इवल्या इवल्या फुग्यांपर्यंत पोचतो. तिथे रक्त प्राणवायू घेतं, वापरलेली हवा परत देतं. त्याची छाती हे काम इमानाने करत होती. पण टाकीतला प्राणवायू गंजाने कधीच खाऊन टाकला होता. जीव घाबरा होतो तो वापरलेली हवा अंगात साठली की. इथे ती तर सुखाने बाहेर पडत होती. उपाशी देहाला आपली उपासमार कळलीच नव्हती.

पंखा घुमू लागला. भाऊ दोराला झटके देऊ लागला.

"ओढू नको. आधी ढील दे. आता डावीकडे... अजून."

तिसऱ्या खेपेला दोर सुटला. दोघांनी मिळून ओढलं, तळवे सोलून निघाले. रंगारी टाकीबाहेर आला तेव्हा ओठ निळे होते आणि छाती थांबलेली.

"ताई, हे..."

"रुग्णवाहिका बोलाव."

तिने गळ्याला बोटं लावली. नाडी होती, बारीक, पण होती. हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड ठेवून फुंकलं. आपण सोडलेल्या श्वासातही प्राणवायू बराच उरतो. तिच्या रक्ताने मागे ठेवलेला तेवढा त्याच्या वाट्याचा. छाती फुगली, बसली. पुन्हा फुंक. पुन्हा बसली.

फोन करून आलेला भाऊ मोजत होता. "सात... आठ... ताई, मी कितीवर होतो?"

"मोजू नको. बघ नुसतं."

ती पुन्हा वाकली. ओठ टेकणार, तोच तिच्या गालाजवळून थोडी हवा सरकली, खरखरत, आतल्या दिशेने. बरगड्या उचलल्या गेल्या.

या वेळी तिने अजून फुंकलं नव्हतं.