तबकडीतलं वाद्य

रामराव मालकांनी आणलेली तबकडी बद्रीनाथने इतक्यांदा ऐकली होती, की गाणारणीचा गळा त्याला नकोसा झाला होता. गाण्याशी त्याचं काम नव्हतंच. दोन कडव्यांच्या मधे एक सूर वर चढत जायचा, लांबच लांब, रडवेला, आणि हवेत विरायचा. तो कोणत्या वाद्याचा, एवढंच त्याला शोधायचं होतं.

रामरावांच्या संगीत नाटक कंपनीत बद्रीनाथ पेटीमास्तर. मिसरूड फुटलं तेव्हा लागला, आता डोक्यावर काळा केस शोधावा लागे. त्या हिवाळ्यात कंपनीचा तंबू जालन्याला पडला होता. बोलपट आल्यापासून माणूस नाटकाकडे फिरकेना. पुढच्या सतरंज्या कशाबशा भरायच्या, मागच्या गुंडाळलेल्याच राहायच्या. मालकांनी मनाशी धरलं होतं, की बोलपटातलं हे गाणं लोकांना भुलवतं ते त्या सुरामुळं. तो आपल्या नव्या नाटकात आला की तंबू पुन्हा भरेल. बद्रीनाथला हे पटलं नव्हतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तो त्याच्यात उरला नव्हता.

सूर सनईसारखा वाटायचा. म्हणून ग्रामोफोन गोधडीत गुंडाळून, बैलगाडीत घालून तो पिंपळगाव रेणुकाईला गेला. देवीपुढं सनई वाजवणारा पुंजाराम त्याच्या जुन्या ओळखीचा. देवळाच्या ओट्यावर बसून त्यानं डोळे मिटून ऐकलं, परत लावायला सांगितलं आणि मान हलवली.

"सनई न्हाई ही, मास्तर. फुकायच्या वाद्याला जिभेचा ठोका लागतो. हितं कुठं हाये? हे कोन्या माणसानं फुकलेलंच न्हाई."

परतीच्या वाटेवर गाडीच्या हिसक्यांनी बद्रीनाथची कंबर धरली. फुंकायचं नाही, तर मग तारेचं. पण कंपनीतला सारंगिया लालमियाँ तर आधीच सांगून बसला होता, की तारेवर गज ओढून असा पत्र्यासारखा आवाज निघत नाही. दोघांचंही खरं असेल तर हे वाद्य जगात नसावं. मालकांना असंच सांगून टाकावं आणि आडवं व्हावं, असं त्याला वाटलं.

जालन्याला पोचल्यावर त्यानं पुंजारामचं म्हणणं लालमियाँच्या कानावर घातलं. लालमियाँ चहा पिता पिता थांबला. मग त्यानं कपबशी खाली ठेवली आणि ग्रामोफोनच्या भोंग्याकडे बघत राहिला.

"हैदराबादेत एका शादीत पाह्यल्तं मी," तो म्हणाला. "दिलरुब्याला भोंगा लावेल होता. सगळे हसून राह्यल्ते. मीबी हसलो, मंग विसरून गेलो."

दिलरुबा म्हणजे सारंगीच्या नात्यातलाच, गजानं वाजवायचा. फक्त त्याला सतारीसारखे पडदे असतात. तारेचा कंप ग्रामोफोनच्या सुईच्या डबीत शिरला आणि भोंग्यातून बाहेर पडला, तर सूर तारेचा आणि आवाज पत्र्याचा होणारच. बद्रीनाथनं तबकडी पुन्हा लावली. आता त्याला गज फिरताना स्पष्ट ऐकू आला. इतके दिवस हे आपल्याला कसं कळलं नाही, याचंही त्याला फारसं काही वाटलं नाही. शोध संपला, हेच बरं झालं.

पण मालकांना नुसतं नाव नको होतं, वाद्य हवं होतं. लालमियाँच्या घरी त्याच्या मरहूम चुलत्याचा दिलरुबा खुंटीला होता. भोंगा आणि डबी कंपनीच्याच ग्रामोफोनची काढायची ठरली. जालन्यातल्याच कादराबादेतल्या पत्रेवाल्यानं डबीला डाख द्यावा लागेल म्हणून सांगितलं; एकदा डाख दिला की ती परत ग्रामोफोनला बसणार नाही. बद्रीनाथनं हे मालकांना बजावलं. मालक म्हणाले, तबकडी ऐकून ऐकून झिजली, आता तिचं काय लोणचं घालायचंय? डाख द्या.

डाख दिला. लालमियाँनं गज ओढला, तेव्हा तालमीला बसलेली मंडळी हातातलं काम सोडून बघायला लागली. भोंग्यातून सूर निघाला तो थेट काळजाला जाऊन भिडणारा.

"मास्तर, हाच का तो?" मालकांनी विचारलं.

बद्रीनाथनं तबकडीतला सूर आठवून पाहिला. कानात लालमियाँचाच गज फिरत होता; त्याच्या पलीकडचं काही सापडेना. पडताळून बघायला ग्रामोफोन तर आता मुका झाला होता.

"हाच," तो म्हणाला.

नवं नाटक लागलं. पहिल्या खेळाला बरी माणसं आली. सूर चढला तशी पुढची सतरंजी शांत झाली, एकदोघांनी डोळे पुसले. पुढच्या खेळांना पुन्हा तेच मोजके चेहरे. मुक्काम जाफराबादला हलवायचा म्हणून मालकांनी गाड्या सांगितल्या.

निघायच्या सकाळी बद्रीनाथ आणि लालमियाँ मिळून सामान बांधत होते. सुतळीची गाठ आवळता आवळता लालमियाँनं विचारलं, "खरं सांगा मास्तर. तोच होता का?"

"मला आठवतच न्हाई, लालमियाँ."

"मलाबी न्हाई," लालमियाँ म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी दोघंही हसले. मग बद्रीनाथ कंबर धरून गाडीत चढला, पेटीला पाठ टेकून बसला आणि गाडीवानाला म्हणाला, "हळू हाक रं बाबा."