हिंमतरावांची एका शब्दाची हाक

कळंबच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी 'इंटरनेटचा जन्म आणि वाढ' हा धडा शिकवतो. तीन वर्षांत एकाही विद्यार्थ्याच्या तो लक्षात राहिला नाही. शेजारच्या मथुराकाकूंच्या मात्र राहिला.

काकूंचं माहेर ईट गावचं. धाकट्या भावानं, हिंमतरावांनी, चार वर्षांपूर्वी नव्या म्हशीचं नाव मथुरा ठेवलं. त्यांच्या मते तो मान होता. काकूंच्या मते नव्हता. तेव्हापासून बोलणं बंद. आता हिंमतरावांच्या मुलीचं, शिवांजलीचं लग्न दीड महिन्यावर आलेलं, आणि आत्याला बोलावणं नाही.

एका सकाळी काकू फोन घेऊन आल्या. हिंमतरावांचा मेसेज होता : 'अक्का'. पुढं कोरं.

"मास्तर, बाकीचं कुठं गेलं रं?"

मी गंभीर चेहरा केला. तो मला फार चांगला जमतो.

"काकू, १९६९ साली अमेरिकेत दोन लांबलांबचे कॉम्प्युटर जोडले. पाच अक्षरांचा शब्द पाठवला. दोन अक्षरं पोचली अन् यंत्र बसलं. इंटरनेट सुरू झालं ते असं."

"दोनच? मग ह्याची बी दोनच आली की."

"वर्षाअखेर दोनाची चार यंत्रं झाली, मग हजारो, मग समुद्राखालनं तारा. पंच्याण्णवला आपल्याकडं सगळ्यांना मिळालं. निरोप अख्खा जात न्हाय, त्याचे तुकडे करतात. प्रत्येकाला नंबर. ईटहून निघाले की एक तुकडा वाशीवरनं येतो, एक येरमाळ्यावरनं, एक भूमला उतरून दुसरी एसटी धरतो. इथं पोचले की जोडतात."

"अन् एखादा ऱ्हायला तर?"

"थांबायचं."

हरवलेला तुकडा क्षणात पुन्हा मागवतात, हे धड्यातलं पुढचं वाक्य. ते मी सांगितलं नाही. चहा आला होता.

काकू थांबल्या. रोज विचारायच्या, आणि मी रोज सांगायचो, आज एक तुकडा येरमाळ्याला दिसला, आज तेरखेड्याला पंक्चर झालाय. त्यांनी शिवांजलीसाठी साडी घेऊन ठेवली. मला थांबता आलं असतं. पण त्या इतक्या मन लावून ऐकायच्या.

लग्न झालं.

पुढच्या आठवड्यात सोयाबीन विकायला आलेले हिंमतराव मोंढ्यात भेटले. मी हसत हसत विचारलं, "मामा, अक्काच्या पुढं काय लिहिलं होतं?"

"पुढं काय असतंय? हाक मारली. ती 'काय रं' म्हणली असती तर बोललो असतो. निळ्या खुणा उमटल्या, वाचलं तिनं, अन् गप बसली. म्हणलं, राग गेला न्हाय." मग सोयाबीनच्या पोत्याकडं बघत म्हणाले, "पोरीचं नाव तिनंच ठेवलं होतं."

संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. तुकडे वाटेत असे अडकत नसतात, हेही.

"तुला ठाव होतं?"

"व्हय."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला, एका बोटानं 'काय रं' लिहिलं आणि पाठवलं. पलीकडं पोचल्याच्या दोन खुणा लगेच उमटल्या.

काकूंनी त्या खुणांवर बोट ठेवलं.

"लगीच गेलं की रं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आज रेंज चांगली आहे."