आखूड कोट

शिंप्याने कोट केशवरावाच्या अंगावर चढवला, जरा मागे सरकून पाहिले आणि तोंडात धरलेली सुई काढून म्हणाला, "भाऊ, ईतभर कापड उरलं हाय. खाली जोडून देतो. मांडी तरी झाकली पाहिजे."

"नको. आखूडच पाहिजे. मुंबईले आता असाच घालतात."

"मुंबईचे लोक खाली बसत नसतीन मंग," शिंपी म्हणाला आणि त्याने दोरा तोडला.

केशवरावाने मुंबई पाहिली नव्हती. वामनरावांनी सांगितली तेवढीच त्याला ठाऊक होती. वामनराव पुण्याकडचे. अमरावतीत कापूस घेणाऱ्या एका विलायती कंपनीच्या कचेरीत ते मुख्य कारकून होते. केशवराव बडनेऱ्याच्या शेतकरी घरातला. इंग्रजी चार अक्षरे शिकलेला, म्हणून दसऱ्यापासून कंपनीने त्याला बाजारात खरेदीसाठी ठेवून पाहिले होते. साहेब अकोल्याला राहत असे. माघात तो येणार होता आणि केशवरावाला पक्का करायचा की काढायचा हे ठरवणार होता.

कचेरीचा एक कायदा होता. देशी जोडे घालून येणाऱ्याने ते दाराबाहेर काढायचे आणि अनवाणी उभे राहून बोलायचे. ज्याच्या पायात बूट-मोजे असत त्याला ते काढावे लागत नसत, आणि त्याला बसायला खुर्ची मिळे. केशवराव दसऱ्यापासून उभाच होता. थंडीत ती फरशी पायांना फार गार लागे.

"तुमचं काम चांगलं आहे हो," वामनराव त्याला म्हणाले होते, "पण साहेबाला आधी कपडा दिसतो, मग काम. ती बाराबंदी, खांद्यावर ते उपरणं. गुरांच्या बाजारातून उठून आल्यासारखे दिसता तुम्ही. आखूड कोट शिवा, बूट घ्या. आणि ते उपरणं आधी घरी ठेवा."

पण उपरणे नुसते अंगावरचे कापड नव्हते. अमरावतीच्या बाजारात कापसाचा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहत, उपरण्याखाली हातात हात देत आणि बोटे दाबून भाव सांगत. एक बोट धरले तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. तोंडाने दोघे पिकापाण्याचे बोलत राहत, आणि भोवतालच्यांना काही कळत नसे. ठरलेला भाव त्या दोघांतच राही. ज्याच्याकडून भाव फुटला, त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नसे.

ही विद्या केशवरावाला गयासुद्दीन दलालाने शिकवली होती. केशवरावाचा बाप लवकर गेला. त्याच्या मागे या बापाच्या मित्राने पोराला जवळ उभे करून बोटांची भाषा दिली. गयासुद्दीन साठीच्या पुढचा, उंच, थोडा वाकलेला होता. अंगरखा साधा, पण नीळ दिलेला. उपरणे त्याची बायको खुर्शीदबी रोज धुऊन देई. तो नखे कापलेली ठेवी, बोटात अंगठी घालत नसे. "अंगठी रुतली का समोरच्याचं ध्यान सुटते," तो म्हणे. "दलालाचा हात असा पाहिजे का धरणाऱ्याले किळस नाई आली पाहिजे अन् भेवही नाई वाटलं पाहिजे." नीटनेटकेपणाची त्याची कल्पना एवढीच होती. मला ती अजूनही पुरेशी वाटते, पण अशा गोष्टींतले मला फारसे कळते असे नाही.

कोट घालून केशवराव पहिल्यांदा बाजारात आला तो दिवस गाडीवानांना चांगला गेला.

"काहो, हा सायेब उन्हात भाजला का?"

"भाजला नाई, अर्धा शिजून उतरवला. पाह्य न, खालचं कापड कमी पडलं!"

"हसू नका बे," गयासुद्दीन म्हणाला. "पोरगं झ्याक दिसते." त्याने कोटाची कड चिमटीत धरून चोळून पाहिली. "कापड नंबरी हाय. पण खांदा उघडा काहून?"

"कचेरीत चालत नाही, चाचा."

"मंग कचेरीत काढून ठेव. इथं धंद्याच्या जागी धंद्याचा कपडा पाहिजे, बापा."

केशवरावाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने उपरणे घडी करून खिशात घालून पाहिले. खिसा फुगला, कोटाची रेघ बिघडली. त्याने ते काढून खुंटीवर टांगले.

ती वर्षेच तशी होती. अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस लागत होता. चांदूरकडून येणाऱ्या गाड्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या होत्या. जो तो अंगावर काहीतरी नवे चढवत होता.

माघात साहेब आला. त्याला जहाज भरायचे होते आणि कापूस कमी पडत होता. त्याने केशवरावाला बोलावले. केशवराव बूट वाजवत आत गेला आणि त्याला खुर्ची मिळाली. हुकूम असा होता की चांदूरच्या गाड्यांतला उत्तम माल चढ्या भावानेही घ्यायचा, पण गुपचूप. तो भाव बाजारात कळला, तर सगळ्यांनाच तो द्यावा लागेल.

"हे जमलं की तुम्ही पक्के," वामनराव बाहेर आल्यावर म्हणाले.

चांदूरच्या गाड्यांचा दलाल गयासुद्दीन होता. केशवराव काट्याजवळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. शेजारी जानराव मापारी जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि वजने पुसत होता. पलीकडे कचेरीच्या ओट्यावर साहेब आणि वामनराव खुर्च्या टाकून बाजार पाहत होते.

"कापड कुठं हाय तुयं?" गयासुद्दीनने हळूच विचारले. कापड घेणाऱ्याचे असावे, असा रिवाज होता. मग त्याने स्वतःच्याच खांद्यावरचे उपरणे ओढले. "घे, माया घे."

केशवरावाने ओट्याकडे पाहिले. वामनराव साहेबाला काहीतरी सांगत होते आणि साहेब इकडेच बघत होता. त्या पांढऱ्या कापडाखाली आपण कसे दिसू, हे केशवरावाच्या डोळ्यांपुढे आले.

"राहू द्या, चाचा," तो म्हणाला. त्याने कोटाचा पुढचा पदर उचलून धरला. "याच्याखाली होते."

गयासुद्दीन थांबला. दुसरा कोणी असता तर तो वळून गेला असता. पण हे पोर त्याच्या हाताखाली तयार झाले होते, आणि आज त्याचे काय पणाला लागले आहे हे म्हाताऱ्याला ठाऊक होते. त्याने कोटाखाली हात घातला.

"यंदा थंडी जास्त हाय," तो मोठ्याने म्हणाला आणि त्याने पंजा धरला, मग दोन बोटे.

"हाव, हरभऱ्याले चांगली," केशवराव म्हणाला आणि त्याने एक बोट सोडवले. गयासुद्दीनने ते पुन्हा धरले. केशवरावाने धरू दिले. सौदा झाला.

हात बाहेर काढताना केशवरावाची नजर खाली गेली. जानराव मापारी वर बघत होता. त्याने लगेच मान वळवली आणि जे वजन आधीच पुसून झाले होते ते पुन्हा पुसायला घेतले.

दुपारपर्यंत प्रत्येक गाडीवाल्याच्या तोंडी तोच भाव होता. त्याखाली कोणी बोलेना. साहेबाला जहाज भरायचेच होते, त्याने दात खाऊन सगळा माल त्या भावाने घेतला. भाव फुटला ही बाजाराला लाजेची गोष्ट होती, म्हणून नत्थुजी अडत्याने दुसऱ्या दिवशी पंच बसवायचे ठरवले. तो भाव दोघांनाच ठाऊक होता. केशवरावाच्या कंपनीचे नुकसान झाले होते. तो कशाला फोडेल? राहिला गयासुद्दीन. चांदूरकडचे त्याचे आणखी शेतकरी मागून गाड्या घेऊन येत होते, त्यांचा फायदा झाला होता.

त्याच संध्याकाळी केशवराव घरी आला. त्याने कोट काढला नाही. शकुन, त्याची बायको, चुलीपुढे बसली होती.

"तशीच बस," तो म्हणाला. त्याने कोटाचा पदर उचलला आणि खाली दुसऱ्या हाताची बोटे धरली. "काय दिसते?"

"बोटं दिसतात न."

"किती?"

"सगळीच दिसतात. तुमी तीन धरले. आता चार." ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे पाहून हसायची थांबली. "खाली बसलेल्याले दिसते. उभ्याले नसन दिसत."

त्याने पदर सोडला.

"म्हणजे गयासचाचानं नाई फोडलं," शकुन म्हणाली. बाजारातली गोष्ट दुपारीच गल्लीत आली होती.

"कोणाजवळ बोलू नको."

"मी कायले बोलू? तुमीच बोलान न उद्या?"

त्याने जेवायला वाढायला सांगितले.

पंच बाजारातल्या निंबाखाली बसले. कंपनीकडून वामनराव आले होते, त्यांच्यासाठी खुर्ची आणली होती. केशवरावासाठीही एक आणली होती, आणि तो बसला. गयासुद्दीन सगळ्यांसारखा खाली सतरंजीवर होता. अंगरखा स्वच्छ, उपरणे धुतलेले.

"गयासभाई," नत्थुजी म्हणाला, "तुमच्याकडून कधी असं झालं नाई. पण आता झालं. काय म्हणता?"

"माया तोंडातून गेलं नाई. अल्ला कसम."

"मंग कसं गेलं?"

"हात कोटाखाली होते, नत्थुजी. कापड नव्हतं. ते माही चूक, मी मानतो. कोटानं झाकले का नाई झाकले, ते मले वरून काय दिसन? ज्याचा कोट हाय तो सांगन."

सगळ्यांनी केशवरावाकडे पाहिले. वामनरावांनीही पाहिले. जानराव मापारी लोकांच्या मागे उभा होता, तो पायाच्या बोटांकडे बघत होता.

"बोला, केशवराव," नत्थुजी म्हणाला. "हात पुरते झाकले होते?"

केशवरावाला फक्त 'नाही' म्हणायचे होते. म्हटले असते तर चूक त्याची ठरली असती आणि संध्याकाळच्या आत तो पुन्हा दाराबाहेर, अनवाणी असता. बुटात त्याच्या पायांना घाम आला होता. गयासुद्दीन त्याच्याकडे पाहत होता. त्या नजरेत भीती नव्हती. पोर सांगेल अशी त्याची खात्री होती.

"होते," केशवराव म्हणाला. "पुरते झाकले होते."

गयासुद्दीनने मान खाली घातली नाही. थोडा वेळ तो तसाच बघत राहिला, जणू अजून काही बोलणे यायचे आहे. पंचांनी ठरवले की याच्या हातात यापुढे कोणी हात देऊ नये. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि जाताना खुर्चीपाशी थांबला.

"कोट नंबरी शिवला," तो फक्त केशवरावाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला. "लांबी तेवढी कमी पडली."

केशवराव पक्का झाला. त्याच्या खुर्चीसमोर खिडकी होती आणि खिडकीतून बाजार दिसे. गयासुद्दीन रोज सकाळी यायचा. रोजच्यासारखे धुतलेले उपरणे, रोजची काट्याजवळची जागा. उपरण्याखाली उजवा हात पुढे करून तो उभा राही. लोक त्याला वळसा घालून जात. काही जण रामराम करत, एखादा तंबाखू देई. हात मात्र कोणी दिला नाही. दुपारी तो हात आत घेई आणि घरी जाई. होळीनंतर तो यायचा थांबला.

चैत्रात तारेवर तार आली. अमेरिकेतली लढाई संपत आली होती. भाव असे कोसळले की भरलेल्या गाड्या लोकांनी बाजारातूनच परत नेल्या. कंपनीने अमरावतीची कचेरी बंद केली. वामनराव पुण्याला गेले, जाताना केशवरावाला म्हणाले, "कोट जपून ठेवा, पुढे कामाला येईल." खुर्च्यांचा लिलाव झाला.

केशवरावाने बाराबंदी घातली, खुंटीवरचे उपरणे घेतले आणि एका व्यापाऱ्यासाठी बाजारात पुन्हा खरेदी करू लागला. लोक त्याच्या हातात हात देत. त्याच्यावर कोणाचा राग नव्हता. शकुन मात्र त्याचे उपरणे धूत नसे. तो स्वतः विहिरीवर धुऊन आणी.

पुढच्या मार्गशीर्षात गयासुद्दीन एक गाडी घेऊन बाजारात आला. खुर्शीदबीच्या वाट्याच्या शेतातला तो कापूस होता. दलाल म्हणून त्याला बंदी होती. घरचा माल तरी त्याच्या हातून घ्यावा की नाही, हे कोणाला कळेना, म्हणून कोणी पुढे झाले नाही. तो बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. वर्षभरात तो फार उतरला होता. नखे कापलेली होती.

"चाचा," केशवराव पुढे झाला. "या. मी घेतो."

त्याने आपले उपरणे पुरते पसरले. गयासुद्दीनने क्षणभर त्या कापडाकडे पाहिले आणि खाली हात घातला. हात हाडांचा आणि गार होता. त्याने पंजा धरला, मग दोन बोटे. या वेळी केशवरावाने एकही बोट सोडवले नाही.

माघातला तोच भाव होता तो. आता बाजारात त्याच्या अर्धाही कोणी देत नव्हते. गयासुद्दीनला ते ठाऊक होते. तो बोटे धरून उभा राहिला आणि तोंडाने थंडीचे की पिकाचे, काहीच बोलला नाही.

"जमलं का, केशवराव?" पलीकडून नत्थुजीने विचारले.

नत्थुजी तिथेच होता. पंचांतले आणखी दोघे होते. निंबाखाली जे सांगितले नव्हते ते आता सांगता आले असते. केशवरावाने तोंड उघडले. पंचांकडे पाहिले आणि तोंड मिटले.

गयासुद्दीनने एकेक बोट सोडले आणि हात बाहेर काढला.

"नाई जमलं," तो नत्थुजीला म्हणाला. "याले झेपत नाई."

त्याने गाडी वळवली आणि बडनेऱ्याच्या वाटेला लागला. केशवराव तसाच उभा राहिला, हात अजून कापडाखाली. शेजारी जानराव मापारी जमिनीवर बसून वजने पुसत होता. त्याने मान वर केली. उपरणे गुडघ्याच्या खाली आले होते, आणि या वेळी त्याला काही दिसले नाही.