चार वाजताची रिंग

"फोनची तांब्याची तार तोडू नकोस गं," मावशी म्हणाली, तेव्हा मी एका हाताने मुलीला थोपटत दुसऱ्या हाताने कागदावर रकाने आखत होते.

पाच कंपन्या, तीन रकाने: वेग, महिन्याचं भाडं, बसवायचा खर्च. बाळंतपणानंतर मी घरूनच काम सुरू केलं होतं आणि आमचं जुनं इंटरनेट कनेक्शन ऐन मीटिंगमध्ये, माझं तोंड उघडं असताना, गोठायचं. नव्या फायबरवाल्याकडे दहापट वेग, भाडं निम्मं, आणि दोन घरांत एकदम घेतलं तर बसवायचा खर्च माफ. दुसरं घर मागच्या गल्लीतलं, मावशीचं.

"तुझा टीव्हीही पळेल बघ."

"टीव्हीला कुठे पळायचंय? माझ्या फोनचं बोल."

"तोच फोन, तोच नंबर. फक्त इंटरनेटच्या नव्या डब्याला जोडतील."

"आणि लाइट गेली की डबा मेला. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून वीज येते, पदवीधर बाई! पुराच्या वेळी सगळं गाव अंधारात होतं, पण माझ्याकडे रिंगा वाजत होत्या."

मावशीने तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. लग्न केलं नाही. फोन उचलला की "हॅलो" नाही, "बोला" म्हणायची, आणि तीन मिनिटं झाली की समोरच्याचं वाक्य अर्धं असलं तरी ठेवायची. रोज दुपारी चारला तिचा फोन यायचा. "पोरगी उठली का?" नसली उठली, तरी त्या रिंगने उठायचीच. वेळ बदल म्हणून मी दोनदा सांगूनही पाहिलं होतं.

"लाइट जाते कितीदा वर्षात? आणि मोबाइल घेऊन दिलाय की तुला."

"आहे ना. कपाटात. बॅटरी संपू नये म्हणून बंद करून ठेवलाय."

मी खो खो हसले. तिने माझा कागद चष्म्याजवळ धरला. "लाइट गेल्यावर काय, याचा रकाना कुठाय?" मी अर्ज पुढे सरकवला. तिने अर्जावर सही केली. "घे. तुझं काम अडायला नको."

दोन महिन्यांनी एका मंगळवारी दुपारी दोनला लाइट गेली. मी मोबाइलच्या नेटवर मीटिंग रेटली. चार वाजले. रिंग आली नाही. मुलगी साडेपाचपर्यंत गाढ झोपली, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण मला खरंच बरं वाटलं.

सहाच्या सुमाराला लक्षात आलं, मावशीकडेही लाइट नसणार, म्हणजे तिचा फोनही बंद. मुलीला कडेवर घेऊन, माझ्याकडची तिच्या घराची किल्ली घेऊन मी धावले.

मावशी फोनच्या टेबलापाशी जमिनीवर होती. अडीचला स्वयंपाकघरात पाय घसरून पडली होती; तिथून सरपटत आली होती. वायर ओढून तिने फोन खाली पाडला होता. तो आता तिच्या मांडीशी सरळ ठेवलेला होता, आणि रिसीव्हर नीट जागेवर.

"आवाज नव्हता गं," ती म्हणाली. "म्हणून ठेवून दिला. लाइन अडवू नये उगाच."

मग माझ्याकडे बघून, "मीटिंग झाली का तुझी?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण एकटीने राहणं संपलं. जुनी लाइन परत मागितली, तर त्या भागातली तांब्याची तार काढून टाकली, असं उत्तर मिळालं. डब्याला लावायची बॅटरी मात्र बाजारात मिळते. महिन्याच्या भाड्याएवढीच किंमत. माझ्या कागदावर चौथा रकाना असता, तर मला ती तेव्हाच सापडली असती.

मावशी आता आमच्याकडे असते. एका शब्दानेही तिने मला बोल लावलेला नाही. चार वाजले की तिचा हात फोनकडे जातो. समोर मी दिसते, मग ती हात हळूच मांडीवर ठेवते.

तुमचंही कुणीतरी असं एकटं राहत असेल. आज त्यांच्याकडे जा. मेन स्विच बंद करा, बाहेर जिन्यात उभे राहा, आणि त्यांना म्हणा, मला फोन लावा. रिंग येते का बघा.