वाढीव सतरा सेकंद

जुन्या सिनेमाची न कापलेली लांब, पण मुकी प्रत सापडली आणि तिच्यावर छोट्या प्रतीचा आवाज बसवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. सिनेमातले नट माझे बाबा. कापलेल्या शॉटचा आवाज कशाला सांभाळायचा, म्हणून सिनेमा छोटा करताना तो मीच पुसला होता. दीडशहाणा ना मी! आता बाकी सगळं जुळलं, पण सतरा सेकंद बाबा नुसतेच ओठ हलवत होते.

"अहो, काय म्हणत होतात हो तिथे?" आई सवयीने विचारून बसली आणि तिने जीभ चावली. पक्षाघाताने बाबांची वाचाच गेली आहे.

बाबांनी बोटाने खूण केली, पुन्हा लाव. मी लावलं. पडद्यावरचे ओठ हलले, शेजारच्या खुर्चीतलेही हलले, अगदी तंतोतंत. आवाज तेवढा कुठूनच आला नाही.